दोन्ही डोळे एकदम

पूर्वी फियाट-अँबॅसिडरला काचेचे गोल दिवे असत. दगड लागला तर फुटत, पण पिवळे पडत नसत. हल्लीचे दिवे पॉलिकार्बोनेटचे. ते सहजासहजी फुटत नाहीत. उन्हात उभे राहून पिकतात. वरचा पातळ संरक्षक थर अतिनील किरणांनी झिजला, की आतलं प्लास्टिक आधी धुरकट होतं, मग पिवळं. आमची गाडी या अवस्थेला आली त्याच सुमारास सासऱ्यांचा मोतीबिंदू काढला. विश्रांतीसाठी ते आमच्याकडे आले, बाल्कनीतून खाली पार्किंगमध्ये पाहिलं आणि नव्या डोळ्याने पहिलं निदान केलं : "जावईबापू, हिचा पिकलाय. काढून टाका."

सोसायटीत टूथपेस्टवाला एक पंथ आहे. पेस्ट चोळा, पुसा, दिवा लख्ख. लख्ख होतो हे खरं, कारण पेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात. पण गेलेला थर ती कुठून आणणार? थोड्या दिवसांत पुन्हा तोच कावीळ झालेला चेहरा. सासऱ्यांनी हा पंथ एका वाक्यात निकालात काढला. "थेंब घालून मोतीबिंदू जात असता, तर मी कशाला झोपलो असतो टेबलावर?"

सामान आणायला नाना पेठेत गेलो. वॉटर पेपर, पॉलिश, क्लिअर कोट मिळाला. दिव्यांचा उजेडही मंदावला होता, म्हणून बल्बही मागितले. दुकानदार म्हणाला, "साठ-पंचावन्न कशाला साहेब? शंभर-नव्वद घाला. समोरचा आपोआप बाजूला होतो." आपल्याकडे हेडलाइट ही रस्ता बघायची वस्तू नाहीच मुळी, समोरच्याला दटावायची आहे. पण बारा व्होल्टवर साठ वॅटचा बल्ब पाच अँपिअर खातो, शंभरचा आठाच्या वर. कंपनीची वायर आणि होल्डर पाचाच्या हिशोबाचे. म्हणजे समोरचा बाजूला होईपर्यंत आपला होल्डर वितळायचा. शिवाय ते बेकायदा. मी साठ-पंचावन्नची जोडी घेतली. जोडी अशासाठी, की एक गेला की दुसरा बहुधा त्याच वाटेवर असतो.

शस्त्रक्रियेला सासरे काळा चष्मा लावून खुर्ची टाकून बसले. प्रथम दिव्याभोवतीच्या रंगाला मास्किंग टेप. मग पेपर पाण्यात भिजवून घासायचं : आधी हजार नंबर, मग दोन हजार, शेवटी तीन हजार, दर वेळी घासण्याची दिशा बदलून. पहिल्या फेरीनंतर दिवा आधीपेक्षा भयंकर दिसतो, दुधासारखा पांढरा. इथे पुष्कळांचा धीर सुटतो. "घाबरू नका, मलाही पट्टी सोडल्यावर आधी धुरकटच दिसलं होतं," सासरे म्हणाले. नंतर पॉलिश, आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा कोट टाळला तर काही महिन्यांत सगळं मुसळ केरात. कोट वाळेपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही, असं डब्यावर छापलेलं वाचून सासऱ्यांना गाडीबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

बल्ब बदलणं त्याहून सोपं. इंजिन बंद, दिवे गार, आणि दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. मागचा कपलर ओढायचा, रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप दाबून बल्ब बाहेर. नव्याची काच उघड्या बोटांनी धरायची नाही. बोटांचं तेल लागलं की तापल्यावर तेवढाच भाग जास्त गरम होतो आणि काच तडकते. आत वायू दाबाखाली असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. सासऱ्यांनी मलाही त्यांचा जादाचा काळा चष्मा दिला. भर पार्किंगमध्ये दोघे काळे चष्मेवाले बॉनेटमध्ये वाकलेले पाहून वॉचमनने आमची वहीत नोंद केली.

दिव्याचं पुढचं आवरणच तडकून आत पाणी शिरलं असतं, तर मात्र हे सगळं व्यर्थ गेलं असतं. तिथे अख्खी असेंब्लीच बदलावी लागते, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी बंपर सोडवावा लागतो. ते काम मी मेकॅनिकला मोठ्या मनाने देतो.

रात्री तपासणी. गाडी पंचवीस फुटांवर भिंतीसमोर उभी केली, आत एक माणूस बसवला. डिपरवर उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दोन-तीन इंच खाली हवी, आणि आपण डावीकडून चालतो म्हणून ती डावीकडेच जरा वर चढलेली. भिंतीवर खडूने रेघा मारल्या. सासरे एक डोळा झाकून म्हणाले, "खालची ओळ वाचता येतेय का बघा." स्क्रू पिळून उजेड खाली आणला. आता समोरून येणाऱ्याचे डोळे शाबूत राहणार होते.

सकाळी उठलो तर सासरे पार्किंगमध्ये. सोसायटीतल्या पिकलेल्या गाड्यांची त्यांनी यादी केली होती आणि मालकांना रविवारचे नंबर वाटत होते. "पेपर आपला आपला आणायचा," ते टूथपेस्ट पंथाच्या अध्यक्षांना सांगत होते, "आणि दोन्ही डोळे एकदम करतो आम्ही. आमच्याकडे एकेक करायची पद्धत नाही."