रंग नवा, भोकं जुनी

यंदाचा बर्फ डोंगरावरून उतरलेला नसतो, तोवर पुढच्या हिवाळ्याची स्नोबोर्डं व्यापाऱ्यांपुढे मांडून झालेली असतात.

धंद्याचं वेळापत्रकच तसं आहे. हिवाळा ऐन भरात असताना प्रदर्शनं भरतात, वसंत लागायच्या आत दुकानदार मागणी नोंदवतात, उन्हाळ्यात कारखाने बोर्डं दाबून काढतात आणि पानगळीला माल दुकानात लागतो. म्युनिकचं इस्पो हे या धंद्याचं मोठं प्रदर्शन पूर्वी जानेवारीच्या सुमारास भरायचं. 2022 मध्ये तेही नोव्हेंबरवर आणलं. म्हणजे यंदाच्या बोर्डावर गिऱ्हाइकाने धड पाय ठेवायच्या आत पुढच्या वर्षीच्या बोर्डाचा निकाल लागलेला.

मग ‘तुमचं ऐकून बदल केला’ असं जे सांगतात, ते आमचं ऐकलं कधी?

प्रश्न सगळ्याच कंपन्यांना आहे, पण थोरल्याला आधी विचारायचा असतो. या धंद्यात थोरलं नाव बर्टनचं. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातली ही कंपनी दर वर्षी नवा हंगाम जाहीर करते, आणि जगभरचे शौकीन यादीवर तुटून पडतात. यादीत काय असतं? तीच नावं. कस्टम नावाचं त्यांचं बोर्ड नव्वदच्या दशकापासून दर हिवाळ्यात नव्याने येतंय.

दर वर्षी नवं म्हणजे नक्की किती नवं?

बोर्ड आडवं कापून बघा. वर छापील प्लास्टिकचा पापुद्रा. त्याखाली काचतंतूंचं कापड, मग लाकडाचा गाभा, पुन्हा काचतंतू, आणि तळाला पॉलिइथिलीनचा गुळगुळीत थर. कडेने पोलादी पट्टी. सगळ्यात राळ भरायची आणि गरम साच्यात दाबायचं. वळताना कामाला येतो तो गाभा, काचतंतूंची वीण आणि ती पोलादी कड. वरचा पापुद्रा ओरखडे झेलतो, एवढंच त्याचं काम.

बहुतेक हंगामांत बदलतो तो पापुद्रा.

त्याचा एक परिणाम मात्र लगेच होतो. नवा रंग आला की जुन्या रंगाचा भाव पडतो. चांगल्या प्रतीचं बोर्ड सहाशे डॉलरच्या घरात जातं. तेच लाकूड, तीच वीण, तीच कड मार्चमध्ये बरीच स्वस्त मिळते, कारण दुकानाच्या भिंतीवर जागा करायची असते. ज्याला उतारावर जायचंय त्याने मार्चमध्ये घ्यावं. ज्याला लिफ्टच्या रांगेत दिसायचंय त्याने ऑक्टोबरात घ्यावं.

सिॲटल, डेन्व्हर, टोरांटोकडे नोकरीला गेलेली आपली मुलं पहिल्याच हिवाळ्यात मित्रांबरोबर डोंगरावर जातात आणि दुसऱ्या आठवड्यात नवंकोरं बोर्ड घरी आणतात. बाळांनो, आधी भाड्याने घ्या. पडायचंच आहे, ते भाड्याच्या बोर्डावरून पडा.

बदल होतच नाहीत, असं माझं म्हणणं नाही. होतात, आणि त्यातले काही फार मोलाचे आहेत. पण ते रंगाच्या गर्दीत असे मिसळून दिले जातात की ओळखू येऊ नयेत.

बोर्डाच्या वाकाचं घ्या. पूर्वी बोर्ड जमिनीवर ठेवलं की मधोमध किंचित उचललेलं असायचं, धनुष्यासारखं. याला कॅम्बर म्हणतात. 2000 नंतरच्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या मर्विन कंपनीने लिब टेक या आपल्या ब्रँडच्या बोर्डांत तो वाक उलटा केला, मधे टेकलेला आणि टोकांना उचललेला. हा रॉकर. नवशिक्याची कड अडकून तो तोंडावर पडायचा, ते कमी झालं. भुसभुशीत बर्फात टोक वर राहायला लागलं. काही हिवाळ्यांत सगळा धंदा उलटा झाला, बर्टनसुद्धा.

मग कडक बर्फावर पकड सुटते, असं लोक ओरडायला लागले. कॅम्बर परत आला.

जातानाही प्रगती, येतानाही प्रगती?

खरं उत्तर सोपं होतं. कडक बर्फ आणि वेग असेल तर कॅम्बर, भुसभुशीत बर्फ किंवा शिकाऊ पाय असतील तर रॉकर, आणि अधेमधे दोहोंचं मिश्रण. हे दुकानातला जाणता पोरगा दोन वाक्यांत सांगतो. कॅटलॉगला त्यासाठी दहा वर्षं लागली.

पण माझी खरी तक्रार वाकाबद्दल नाही, पाय बोर्डाला जिथे जोडतात त्या भोकांबद्दल आहे.

या खेळाचा इतिहासच पाय आणि फळी यांच्या सांध्याचा आहे. 1965 च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्याचा स्नर्फर झाला, खेळणं म्हणून देशभर खपला. टोकाला धरायला दोरी होती, पाय बांधायला काही नव्हतं. बर्टन कंपनी काढणाऱ्या जेक बर्टन कारपेंटरने 1977 मध्ये स्वतःच्या फळ्या बनवायला घेतल्या. 1979 मध्ये तो मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याच्या फळीवर पाय अडकवायची सोय होती. इतरांनी आक्षेप घेतला. शेवटी त्याच्यासाठी वेगळा खुला गट काढला. गटात तो एकटाच. जिंकला.

आज सगळा खेळ त्या एकट्याच्या गटातून आलेला आहे.

म्हणून बर्टनने सांध्याला हात लावला की मी चष्मा पुसून बघतो. बूट अडकवायचं बाइंडिंग बोर्डावर बसतं ते मधल्या तबकडीतून जाणाऱ्या स्क्रूंनी. बहुतेक कंपन्यांनी बोर्डावर चार-चार सेंटिमीटरवर चौकोनात भोकं पाडली. कोणाचंही बाइंडिंग कोणाच्याही बोर्डावर बसावं, असा सरळ व्यवहार. बर्टनने नव्वदच्या दशकात तीन भोकांचा त्रिकोण काढला. मग बाकीच्यांनी काय करावं? त्यांनी आपल्या तबकड्यांना दोन्ही प्रकारची भोकं पाडली. हट्ट एकाचा, खर्च सगळ्यांचा.

पुढे त्रिकोणही गेला आणि बोर्डाच्या अंगात लांबट खाच आली, तिला ते चॅनल म्हणतात. इथे मात्र दाद दिली पाहिजे. भोकं असली की पाय कुठे ठेवायचा ते भोकं ठरवतात. खाचेत बाइंडिंग हवं तिथे सरकवा, हव्या कोनात फिरवा, दोन स्क्रू आवळा. एकाचे गुडघे आत वळलेले, दुसऱ्याचे पाय आखूड, प्रत्येकाला आपली जागा मिळते. गुडघे दुखणाऱ्याला विचारा, दोन अंशांचा फरक म्हणजे काय असतो.

मेख पुढे आहे. त्या खाचेसाठी बर्टनने खास बाइंडिंग काढलं, ईएसटी नावाचं. मधली तबकडीच काढून टाकली, त्यामुळे पायाखाली बोर्ड जास्त मोकळं वाकतं. हेही खरंच चांगलं. पण ते बाइंडिंग खाचेच्या बोर्डाशिवाय कशावरही बसत नाही. उद्या दुसऱ्या कंपनीचं बोर्ड आवडलं तर बाइंडिंग घरी खुंटीला टांगा. सगळीकडे बसणारं रीफ्लेक्स बाइंडिंगही बर्टनच विकतं, हे नोंदवायला हवं. पण दुकानात ईएसटी हातात घेणाऱ्या किती जणांना हा फरक कोणी बसवून सांगितला?

आणि ज्याला सांगितला नाही, तो गुलमर्गला जातो. अमेरिकेतला भाचा सुट्टीवर येतो, बोर्ड विमानात अवजड म्हणून बाइंडिंग तेवढं बॅगेत टाकतो, आणि तिथल्या अफरवट डोंगराच्या पायथ्याशी भाड्याच्या बोर्डावर चौकोनात पाडलेली भोकं बघून डोक्याला हात लावतो. निघायच्या आधी एक फोटो मागवून घेतला असता तर काम झालं असतं.

आता मोठा बदल, स्टेप ऑन.

पट्ट्यांचं बाइंडिंग ज्याने वापरलंय त्याला हे दुखणं माहीत आहे. लिफ्टमधून जाताना मागचा पाय मोकळा ठेवायचा. वर उतरलं की बर्फात बसायचं, ओली विजार, गोठलेली बोटं, दातेरी पट्टी बकलात घालायची, ती हुकते, पुन्हा घालायची. स्की घातलेले मित्र तोवर निघून गेलेले. हे दर फेरीला. तरुणाला चालतं. पन्नाशीच्या कमरेला विचारा.

नव्वदच्या दशकात यावर तोडगा काढायचा प्रयत्न झाला होता. के-टू कंपनीचं क्लिकर होतं, स्विच नावाचं एक होतं, बर्टनचंही स्वतःचं होतं. पाय दाबला की अडकतो, अशी सोय. पण बूट ताठर झाले, सांध्यात बर्फ भरायचा, पायाखालचं बोर्ड जाणवेना. काही वर्षांत सगळी मंडळी पट्ट्यांकडे परतली. त्यामुळे 2017 च्या हंगामात बर्टनने स्टेप ऑन आणलं तेव्हा जुन्या खोडांनी मान हलवली.

या वेळी जुनी खोडं चुकली.

बुटाच्या चवड्याला दोन बाजूंना दोन आकडे, टाचेमागे एक. टाच खाली दाबली की कट-कट आवाज होतो आणि पाय बसतो. सोडवताना बाजूची खिट्टी वर ओढायची, टाच उचलायची, पाय वळवून काढायचा. तळव्याखाली यंत्र नाही, म्हणून बूट मऊ ठेवता आला. चवड्याखाली बर्फ साचला तर अजूनही तो खरवडावा लागतो, पण जमिनीवर बसावं लागत नाही. लहान मुलं, वाकता न येणारे, थंडीत बोटं न वळणारे, अशा कितीतरी लोकांना यामुळे डोंगर परत मिळाला. याला मी बदल म्हणतो.

याचंही कुलूप पाहिलं पाहिजे. या बाइंडिंगला याच पद्धतीचे बूट लागतात. म्हणजे आधी बाइंडिंग, मग बूट, आणि बूट तर पायाला बसला पाहिजे. प्रत्येकाचा पाय वेगळा; एका कंपनीचा साचा सगळ्यांना कसा बसणार? रुंद पावलाच्या माणसाने काय करायचं?

बर्टनने इथे शहाणपण दाखवलं. डीसी, नायट्रो अशा बूट बनवणाऱ्यांना परवाना दिला. दार किलकिलं केलं, किल्ली आपल्याकडे ठेवली.

स्वित्झर्लंडच्या नायडेकर कंपनीने मग सुपरमॅटिक नावाचं बाइंडिंग काढलं. पाय आत सरकवला की बाइंडिंगची पाठ आपोआप उभी राहते, आणि बूट तुमचे नेहमीचेच चालतात. सोय तीच, बुटांचा खर्च नाही. दोन्हींत पकड कोणाची सरस, यावर लिफ्टच्या रांगेत भांडणं चालतात, चालू द्या. मला एवढंच दिसतं, की स्पर्धा भोकांवर आणि बुटांवर यायला लागली तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या कमरेचा विचार सुरू झाला. रंगांच्या स्पर्धेत तो कधीच झाला नव्हता.

हिरव्या गोष्टींबद्दलही थोडं. बर्टनला 2019 मध्ये बी कॉर्प हे प्रमाणपत्र मिळालं. धंदा करताना माणसांचा आणि निसर्गाचा विचार करणाऱ्या कंपन्यांना ते मिळतं. राळेत वनस्पतिजन्य अंश, गाभ्याला प्रमाणित जंगलातलं लाकूड, अशी कामं त्यांनी केली आहेत. उगाच नाकं मुरडू नयेत. बर्फावर पोट असलेल्या कंपनीने हवामानाची काळजी करायची नाही तर कोणी करायची?

पण मग दर वर्षी नवा पापुद्रा कशाला?

काचतंतू आणि राळ एकदा चिकटली की वेगळी करणं जिकिरीचं. बोर्ड म्हातारं झालं की कचऱ्यात जातं. धडधाकट बोर्ड फक्त रंग जुना झाला म्हणून घरच्या माळ्यावर गेलं, तर राळेतला तो वनस्पतिजन्य अंश कोणाच्या उपयोगाचा? ज्या डोंगरावर पूर्वी नाताळला बर्फ हटकून असायचा, तिथे आता यंत्राने पाडावा लागतो. बर्फाचे दिवस घटतात आणि नक्ष्या वाढतात, हा हिशोब मला पटत नाही.

दोन वर्षांतून एकदा रंग बदला. काही बिघडणार नाही. दुकानदाराचा शिल्लक माल पडत्या भावात जाणार नाही, आणि मार्चची वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक ऑक्टोबरातच पैसे काढेल. कंपनीचाच फायदा आहे.

तेवढं जमत नसेल तर एक करा. कॅटलॉगात प्रत्येक बोर्डाखाली आणि प्रत्येक बाइंडिंगखाली एक ओळ छापा: गेल्या हंगामापेक्षा काय बदललं. गाभा, वाक, कड, सांधा, जे असेल ते. कुठल्या बोर्डावर बसतं, कुठल्या बुटाला चालतं, तेही तिथेच लिहा. आणि काहीच बदललं नसेल, तर स्पष्ट लिहा: फक्त रंग.