चाकावरची सीट

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातले आप्पा तुमच्याही मंडळात आहेत. नाव तेवढं वेगळं असेल. सहलीचे पैसे सगळ्यात शेवटी भरायचे आणि भरल्यावर पहिला फोन आपलाच करायचा. यंदा अष्टविनायक ठरलं. पहाटे पाचला सोलापूरच्या सात रस्त्यावरून बस. आप्पांचा फोन आला, "सर, माझी सीट चाकावरची नाही ना?"

मागच्या चाकावरची सीट म्हणजे पाय आखडून बसायचं आणि प्रत्येक खड्ड्याची पावती थेट मणक्यात घ्यायची, हे कबूल. म्हणून ट्रॅव्हल्सवाल्याकडून सीटांचा नकाशा मागवून ग्रुपवर टाकला. "यात चाक कुठं दाखवलंय?" चाकाची खूण करून पुन्हा टाकला. "हे पुढचं की मागचं?"

आप्पा शहात्तर वर्षांचे. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना एसटी फुकट झाली, आणि स्वतःची पंचाहत्तरी झाल्यापासून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करत त्यांनी चाकाचा सखोल अभ्यास केलेला आहे. "फुकटात चाक चुकवता येतं, आणि इथं पैसे मोजून..." वाक्य ते कधीच पुरं करत नाहीत. ते आपण मनात करायचं आणि शरमायचं.

मग इतर शंका. सोलापूरहून जाताना सिद्धटेक आधी लागतं, पण यात्रा मोरगावपासून सुरू करायची असते. मग उजव्या सोंडेच्या गणपतीला वळसा घालून पुढं गेलेलं त्याला चालेल का? लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या, गुडघे एवढेच. डोली मिळते म्हटलं, तर "डोलीत मागं बसवत नाहीत ना?"

"आप्पा, डोलीला चाक नसतं!"

"म्हणूनच आधी विचारलं."

ओझरच्या भक्तनिवासात पाण्याच्या पंपाशेजारची खोली नको, कारण ती चाकावरची खोली. काकूंनी शेंगाचटणीचा डबा पिशवीत तळाशी ठेवला, तर डबा चाकावर आला म्हणून वर काढायला लावला. घरी त्या हे कसं सोसत असतील, त्या सिद्धेश्वरालाच ठाऊक. थेऊरला बस किती वेळ थांबणार, हे मात्र आप्पांनी तीनतीनदा विचारलं. मी समजलो, प्रसाधनगृहाची काळजी.

आदल्या रात्री दहाला फोन. "सर, सात रस्ता म्हणजे नेमका कुठला रस्ता?"

हा प्रश्न बरोबर होता, हीच तर चीड. सात रस्ते, अंधार, स्वेटर घातलेली पन्नास माणसं आणि प्रत्येकाला वाटणार, आपण उभे आहोत तोच रस्ता. रंगभवनाकडून येणारा, असं ग्रुपवर टाकलं. लगेच सात-आठ जणांचे अंगठे आले. म्हणजे विचारायचं सगळ्यांनाच होतं. आप्पांनी विचारेपर्यंत सगळे शहाणे बसून होते.

पहाटे मी पोचलो तर आप्पा आधीच कठड्याशी बसलेले. त्यांचा फॉर्म राहिला होता. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, त्या रकान्यात त्यांनी माझा नंबर लिहिला.

"अहो, मी याच बसमध्ये असणार. मुलाचा द्या की."

"तो पुण्याला. मिटिंगमध्ये असतो. तुम्ही फोन उचलता."

मी काही बोललो नाही. आमच्या मंडळातल्या निम्म्या घरांतली पोरं पुण्याला आहेत, आणि रकाना सगळ्यांनीच विचार करून भरला होता. मग आप्पाच चष्मा पुसत म्हणाले, "हडपसरहून थेऊर फार लांब नाही. येतो म्हणालाय. जमलं तर."

थेऊरचा थांबा अर्ध्या तासानं वाढवला. पुढं रांजणगावला उशीर होणार म्हणून मंडळी कुरकुरली, तेव्हा थेऊरला मागच्या चाकाची हवा तपासायची आहे, असं ठोकून दिलं.

आप्पा ताडकन उठले. "कुठलं? डावं की उजवं?"