रोजच्या वापराची

आमच्या सोसायटीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे ‘नऊशेअकरा’च म्हणतात. त्यांचा फ्लॅट खरं तर ९०१. पण परवा इस्त्रीवाल्यानं त्यांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर ९११ लिहून आणलं, तेव्हा चूक दाखवायची सोडून त्यांनी त्याला वर दहा रुपये दिले आणि दारातच उभं करून आपल्या पोर्शे ९११ चा इतिहास ऐकवला. ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली तेव्हा तिचं नाव ९०१च होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आपला हक्क आहे अशी हरकत प्यूजो कंपनीनं घेतली, म्हणून पोर्शेनं शून्याचा एक केला. इस्त्रीवाल्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग साहेब, शर्ट सात आणि पँटी पाच, बरोबर ना?”

पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. वय चोपन्न. मुक्काम विलेपार्ले पूर्व, ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात. मधलं अंतर आठेक किलोमीटर. ते कापायला ताशी २९३ किलोमीटर पळू शकणारी गाडी.

अशा गाड्या मुंबईत पुष्कळ आहेत. पण त्यांचे बहुतेक मालक त्या रविवारी पहाटे काढतात, सी लिंकवरून एक फेरी मारतात, मरीन ड्राइव्हला फोटो काढतात, इडली खातात आणि गाडीला परत निजवतात. आमचे नऊशेअकरा या मंडळींना मनापासून तुच्छ मानतात. ते रोज सकाळी आठ वाजता, शर्ट खोचून, तीन पुडांचा स्टीलचा डबा घेऊन गाडीत बसतात. डबा मागच्या सीटवर. पोर्शेनं ती सीट नेमकी कशासाठी दिली याचं समाधानकारक उत्तर मला त्या डब्याकडे पाहूनच मिळालं.

याचं मूळ शोधायला फार लांब जायला नको. वडील बँकेत कारकून. नंबर लावून बरीच वर्षं वाट पाहिल्यावर त्यांना बजाज चेतक मिळाली. मिळाली ती थेट जुन्या चादरीखाली गेली. “रोज कशाला काढायची?” असं म्हणत ते आयुष्यभर बेस्टच्या बसनं स्टेशनला गेले. घरात काचेचा टी-सेट होता, तो शोकेसमध्ये, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की आई म्हणायची, “घरचीच तर माणसं आहेत,” आणि स्टीलचे कप बाहेर निघायचे. तो टी-सेट अजून अखंड आहे. त्यात आजवर कुणी चहा प्यायलेला नाही.

त्या शोकेससमोर वाढलेल्या मुलानं तेव्हाच ठरवून टाकलं असावं, की आपल्या घरात आणलेली वस्तू वापरली जाईल. इथवर ही बंडखोरी झाली. पण त्याच घरात ‘चैन’ हा शब्द पोरगं वाया गेल्याच्या सुरात उच्चारला जायचा, तेही रक्तात उतरलं आहे. मग करायचं काय? गाडी तर हवी, आणि चैन तर नको. नऊशेअकरांनी यावर सीएला शोभेल असा तोडगा काढला: चैनीची नोंद त्यांनी दळणवळणाच्या खात्यात केली. “अहो, गाडी उभी राहिली तरी विमा चालू, हप्ता चालू, वर्षाला पंधरा टक्के घसारा चालू. सगळं चालू असताना गाडीच तेवढी उभी का?” यावर काय बोलणार?

आपल्या माणसाचं आणि अशा गाडीचं नातं मुळात असंच आहे. सचिन तेंडुलकरनं ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली फियाटतर्फे त्याला फेरारी मिळाली, शूमाकरच्या हातून. ती कोणतं मॉडेल होती हे आमच्या पार्ल्यात चार जणांना सांगता येईल. पण तिच्यावरचं १ कोटी १३ लाखांचं सीमाशुल्क माफ करावं की नाही, यावर कट्ट्याकट्ट्यावर महिनोन् महिने चर्चा चालली होती, आणि शेवटी ते पैसे कंपनीनं भरले तेव्हा कुठे लोकांच्या जिवाला स्वस्थता लाभली. फेरारीपेक्षा तिची पावती आपल्याला जास्त जवळची.

आता नऊशेअकरांची सकाळ. पुनर्विकासानंतर आमच्या इमारतीला टॉवर म्हणतात आणि पार्किंगला पझल. लोखंडी फळ्यांवर गाड्या ठेवायच्या, बटण दाबलं की फळ्या वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतात आणि आपली गाडी समोर येते. कधी कधी दुसऱ्याची येते. शून्यापासून शंभरचा वेग चारेक सेकंदांत गाठणारी गाडी त्या यंत्रातून सुटून जमिनीवर यायला, वॉचमन चहाला गेला नसेल तर, सहा-सात मिनिटं लागतात. फळीच्या ओठावर गाडीचं नाक घासू नये म्हणून नऊशेअकरांनी नाक उचलायची सोय जादा पैसे भरून घेतली आहे. बटण दाबलं की पुढचा भाग सुमारे चार सेंटिमीटर वर होतो. चार सेंटिमीटरसाठी त्यांनी किती मोजले हे वहिनींना माहीत नाही. मला माहीत आहे, आणि म्हणून आमच्या घरी आले की ते चहा न घेताच जातात.

मग गाडी सुरू होते. इथे सोसायटीच्या इतिवृत्तात एक आख्खं पान खर्ची पडलं आहे. थंड इंजिन सुरू होताच पहिला मिनिटभर मुद्दाम चढ्या फेऱ्यांवर चालतं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा प्राणायाम नेमका त्याच वेळी. तक्रार आली, सभा बोलावली. नऊशेअकरा कागद घेऊन आले. फेऱ्या चढत्या ठेवल्या की एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो, तो तापला की धूर स्वच्छ होतो. सबब हा आवाज आजोबांच्या फुप्फुसांच्या हितासाठीच आहे. आजोबा म्हणाले, “माझी फुप्फुसं ठीक आहेत, कान गेलेत.” सेक्रेटरी या नात्यानं मी दोन्ही बाजूंची नोंद केली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. तो अजून पुढच्याच सभेवर आहे.

गेटबाहेर पडलं की गतिरोधक. रस्ता-बांधणीच्या भारतीय मानकांनुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, अंगानं गोलाकार असायला हवा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगानं गाडी सुखात पार होते. ही माहिती मला नऊशेअकरांकडूनच मिळाली. वॉर्ड ऑफिसला लिहिलेल्या त्यांच्या पत्रात ती होती. आमच्या गल्लीतला गतिरोधक कुणीतरी रात्री उरलेलं डांबर ओतून केलेला आहे. तो ओलांडायची त्यांची पद्धत अशी: नाक उचलायचं, गाडी तिरकी करायची, आधी उजवं पुढचं चाक चढवायचं, मग डावं, मग श्वास रोखून मागची दोन. तोवर मागे दोन रिक्षा, एक स्कूलबस आणि पाण्याचा टँकर. रिक्षावाले सहसा हॉर्न वाजवत नाहीत. खाली उतरून बघतात. एक जण तर रोज “अजून थोडा लेफ्ट, साहेब,” असं मार्गदर्शन करतो.

हायवेला लागल्यावर वाकोल्यापर्यंत सगळे सारखेच. आठ गिअर, ३८५ अश्वशक्ती, आणि समोर ‘हॉर्न ओके प्लीज’. डावीकडून डिलिव्हरीवाला पोरगा स्कूटरवरून पुढे जातो. जाताना काचेत वाकून आत बघतो आणि अंगठा दाखवतो. तो अंगठा कौतुकाचा की निरोपाचा, यावर नऊशेअकरा कलानगरपर्यंत विचार करतात. सिग्नलला कुणीतरी बाइकवाला शेजारी येऊन इंजिन गुरगुरवतो, शर्यतीला बोलावतो. ते सौम्यपणे मान हलवतात. शर्यत लावायची कुठे? पुढे सव्वीस फूट जागा आहे.

आणि खाली, जमिनीच्या पोटातून, मेट्रो जाते. ऑक्टोबर २०२४ पासून विमानतळाच्या टर्मिनल एकपासून सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी आणि पुढे बीकेसी, एवढीच स्टेशनं. वहिनींची नोकरीही तिकडेच. त्या नवऱ्यानंतर घरातून निघतात, कचरा वेगळा करून, दुधाचं पातेलं झाकून, आणि त्याच्या आधी पोचतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी पोचल्याचा मेसेज पाठवला होता. नंतर थांबवला. संसार म्हणजे काही प्रमाणात असे मेसेज न पाठवणं.

पेट्रोल पंप हे मात्र त्यांचं दुःखस्थान. गाडी थांबली की माणसं जमतात, फोटो होतात, आणि मग कुणीतरी विचारतंच, “किती देते?” भारतात कोणत्याही वाहनाला विचारला जाणारा हा पहिला प्रश्न, रॉकेटलाही आपण हाच विचारू. नऊशेअकरा खोटं बोलू शकत नाहीत, आणि खरा आकडा उच्चारला की त्यांच्या आतला कारकुनाचा मुलगा कासावीस होतो. म्हणून ते “रस्त्यावर आहे,” म्हणतात. विचारणाऱ्याला वाटतं हायवेवर चांगली देत असेल. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. ते त्यांनी एकदाच भरलं, दिवाळीला.

या गाडीचं इंजिन मागे असतं, मागच्या चाकांच्याही पलीकडे, आणि डिकी पुढे. ही गोष्ट पार्ल्याच्या बाजारात अजून रुजलेली नाही. भाजी ठेवायला त्यांनी पुढचं झाकण उघडलं की गाडी बंद पडली समजून माणसं गोळा होतात. “बॅटरी बघा,” “पाणी ओता,” “धक्का देऊ का?” आणि झाकणाखालून निघते मेथी. पुढच्या डिकीत १३२ लिटर जागा आहे. लिटरमध्ये सांगितल्यामुळे आमच्या हिला बरेच दिवस ती पाण्याची टाकीच वाटत होती. हापूसच्या दोन पेट्या त्यात बसतात का, याचं प्रात्यक्षिक दर एप्रिलात होतं. एक बसते. दुसरी शेजारच्या सीटवर, बेल्ट लावून. वहिनी रिक्षानं.

एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी गाडीला तिच्या जातीचं खाऊ घालायचं ठरवलं आणि अटल सेतू गाठला. जवळजवळ बावीस किलोमीटर लांब, सरळ, रिकामा, समुद्रावर. वेगमर्यादा शंभर. पथकर एका बाजूचा अडीचशे. नऊशेअकरांनी मोकळा रस्ता बघून पाय दाबला, चार सेकंदांत शंभर झाले, आणि आनंद संपला. उरलेला सगळा पूल त्यांनी मागून येणाऱ्या सेदानला वाट देत पार केला. घरी येऊन हिशेब मांडला: चार सेकंदांना अडीचशे, म्हणजे सेकंदाला साडेबासष्ट रुपये. “परवडत नाही,” ते मला गंभीरपणे म्हणाले. “त्यापेक्षा ऑफिसला गेलेलं स्वस्त पडतं.”

या माणसाला हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण एक दिवस मी त्यांना खरोखर सुखात पाहिलं. गणेशचतुर्थीच्या सकाळी ते मूर्ती आणायला याच गाडीनं गेले. शाडूचा दीड फुटी गणपती डावीकडच्या सीटवर. सीटला वजन कळलं, माणूस बसलाय असं समजून गाडी पट्ट्यासाठी टिंगटिंग करू लागली. तेव्हा देवालाही बेल्ट लागला. परतताना गल्लीच्या तोंडाशी ढोलताशा मिळाला. तीनशे मीटरला पाऊण तास. नाक उचललेलं, काचा खाली, आणि गाडीच्या अलीकडे-पलीकडे नाचणारी पोरं. गतिरोधक आला तेव्हा ताशावाल्यांनी थांबून दाद दिली. त्या पाऊण तासात नऊशेअकरांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही की पेट्रोलचा काटा.

पावसात मात्र गाडी बाहेर निघत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा त्यांची पहिली मारुती मिलन सबवेजवळ बुडाली होती. आकाश काळवंडलं की ते निमूट वहिनींबरोबर मेट्रोत बसतात आणि “आज सर्व्हिसिंगला आहे,” असं कुणी न विचारताच सांगतात.

राहता राहिला कोकणातला गाव. गुहागरच्या पुढच्या उताराला हे नाक चार काय, चाळीस सेंटिमीटर उचललं तरी पुरणार नाही. शेवटी गेल्या वर्षी त्यांनी माझी जुनी वॅगन-आर विकत घेतली. किमतीवरून तीन संध्याकाळी घासाघीस झाली. नवी पोर्शे घेतानाही एवढी झाली नसेल. ती गाडी त्यांनी पझलमध्ये ठेवली नाही. खाली, भिंतीच्या आडोशाला, सावलीत ठेवली, चंदेरी कव्हर घातलं, दर रविवारी कव्हर काढून पिवळ्या फडक्यानं पुसायला लागले. गावी तरी कुठे नेली? एसटीनंच गेले.

परवा आमच्या हिच्या भाचीचं लग्न कल्याणला. माणसं पाच, आहेराच्या पिशव्या वेगळ्या. मी म्हटलं आपलीच गाडी होती, मागून बघू. त्यांनी क्षणभर कव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सेक्रेटरीसाहेब, राग मानू नका. पण कल्याणचे रस्ते, त्यात पार्किंगची बोंब, कुणी घासून गेलं तर काय करायचं?” आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवत म्हणाले, “तुम्ही ही पोर्शे न्या की. ही काय, रोजच्या वापराचीच आहे.”