ठिगळ लावायला कोणी तयार नाही

जुन्या गिटार अ‍ॅम्पच्या पेटीवरचं आवरण एका कोपऱ्यात फाटलं, तर तेवढाच कोपरा दुरुस्त करून देणारा माणूस मला पुण्यात अजून भेटलेला नाही. सीटकव्हरवाले, सोफावाले, बॅगा दुरुस्त करणारे, सगळ्यांकडे जाऊन आलो. पेटी नीट बघायला कोणी खाली वाकत नाही. लांबूनच उत्तर येतं, "साहेब, हे सगळं फाडून टाकू. नवीन रेक्झिन चढवतो, संध्याकाळी घेऊन जा." साठेक वर्षं टिकलेलं आवरण एका दुपारीत फाडून टाकायचं, यात कोणालाच काही गैर वाटत नाही. मला वाटतं, आणि फार वाटतं.

माझा अ‍ॅम्प फेंडरचा ट्विन रिव्हर्ब आहे, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात बनलेला. बारा इंची दोन स्पीकर, तीस किलोच्या आसपास वजन, पाइनच्या फळ्यांची पेटी आणि तिच्यावर काळं, खरबरीत दाण्याचं टोलेक्स, म्हणजे विणलेल्या कापडावर व्हिनाइलचा थर दिलेलं आवरण. पेटीच्या आतल्या भिंतीवर व्हॉल्व्हचा छापील तक्ता चिकटवलेला आहे आणि त्यावर रबरी शिक्क्याने उठवलेली दोन अक्षरं आहेत, पी आणि सी. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९५१ असं धरून मोजत गेलं की पी १९६६ वर येतं. सी म्हणजे मार्च. हा तक्ता कागदाचा आहे. पेटी "साफ" करताना तो खरवडून काढणारे लोक आहेत, आणि तसे खरवडलेले अ‍ॅम्प मी पाहिले आहेत.

आवरणही त्या तक्त्याइतकंच बोलतं. पन्नासच्या दशकात फेंडरच्या पेट्यांवर तिरप्या विणीचं, लाखेचा हात दिलेलं पिवळसर सुती कापड असायचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तपकिरी आणि फिकट रंगाचं टोलेक्स आलं, आणि १९६३ च्या सुमारास काळं. जाणकार खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघून अ‍ॅम्प साधारण कधीचा ते सांगतो. अशा पेटीवर सोफ्याचं चॉकलेटी रेक्झिन चढवलं, की ती ओळख संपली. फाडलेलं टोलेक्स कचऱ्यात गेलं की परत येत नाही.

माझ्याआधीच्या मालकांपैकी कोणीतरी पेटीची वरची बाजू काळ्या ऑइल पेंटने रंगवली होती. हेतू चांगला असेल, पण परिणाम वाईट झाला. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू वर येत राहतं, म्हणून त्यावरचा ऑइल पेंट कधी पुरता वाळतच नाही. हात ठेवला की चिकट लागतं, धूळ बसते, आणि दाण्यांमधल्या खाचा रंगाने भरून जातात. थिनर लावावा तर रंगाबरोबर व्हिनाइलही सुटायला लागतं. मग बांबूची काडी तासून एकेक खाच उकरत बसावं लागतं. रंगवणाऱ्याचं काम अर्ध्या तासाचं होतं. ते निस्तरणाऱ्याचं किती आहे, याचा विचार ब्रश उचलताना कोणी करत नाही.

धातूच्या कोपऱ्यांचं तेच. दोन मूळचे गेलेले आहेत आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या ट्रंकेचे ठोकले आहेत. ट्रंकेच्या कोपऱ्याचा बाक वेगळा, भोकांची जागा वेगळी. म्हणून जुन्या भोकांशेजारी नवी भोकं, स्क्रू पुरेनात म्हणून खिळे, आणि खिळ्याने पाइन चिरलेलं. सुटलेल्या कडांना स्टेपल मारलेले आहेत. स्टेपलला गंज चढतो, तो गंज कापडात उतरतो, आणि कड तिथूनच पुन्हा फाटते.

ठिगळ लावणं इतकं अवघड आहे का? नाही. पेटीच्या कडांवरून आवरण आत दुमडलेलं असतं. त्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, फाटलेल्या भागापेक्षा थोडा मोठा तुकडा कापून घ्यायचा. तो फाटक्या जागेवर दाणे जुळवून ठेवायचा, कागदी चिकटपट्टीने पक्का करायचा आणि धातूची पट्टी धरून नव्या पात्याने दोन्ही थर एकाच दाबात कापायचे. वरचं उरलेलं काढा, खालचं फाटकं काढा. नवा तुकडा त्या खिडकीत केसाचंही अंतर न ठेवता बसतो, कारण दोन्ही कडा एकाच पात्याने कापलेल्या असतात. पातं बोथट असेल तर कापडाचे धागे ओढले जातात आणि पांढरी रेघ दिसते. रोज रेक्झिन कापणाऱ्या माणसाला हे जमणार नाही असं मी मानायला तयार नाही. त्यांना ते करायचं नाही, कारण ठिगळाचे पैसे किती मागायचे ते ठरलेलं नाही आणि नवीन कव्हरचे ठरलेले आहेत. त्यांची अडचण मला कळते. पण मी ठिगळाला पूर्ण कव्हरचे पैसे देतो म्हटलं, तरी उत्तर तेच.

जिथे नवीन लावण्यावाचून इलाजच नाही, तिथे निदान माल तरी बरोबर घ्यावा. सोफ्याच्या रेक्झिनला बहुधा मागे विणलेल्या जाळीचं ताणणारं कापड आणि मधे फोमचा पातळ थर असतो. बसायला ते छान, पेटीला वाईट. ओढलं की ताणतं, दोन महिन्यांनी सैल होतं, बोट दाबलं की खड्डा पडतो. पुन्हा लांबीचा प्रश्न आहेच. ट्विनची पेटी सव्वासव्वीस इंच रुंद आणि वीस इंच उंच. वरून, दोन्ही बाजूंनी, तळाखालून एकसंध पट्टा फिरवून सांधा तळाशी लपवायचा, तर अडीच मीटर सलग लांबी हवी. ५४ इंची पन्ह्यातून हवी तेवढी रुंदी सहज निघते, लांबी मात्र तुटकी चालत नाही. दुकानदार दीड मीटरचा तुकडा पुढे करून म्हणतात, "काका, जोड दिला की झालं." जोड मग बरोब्बर वरच्या बाजूला, हँडलखाली येतो, आणि तीस किलो उचलताना पहिल्यांदा तोच उसवतो.

चिकटवण्याच्या सोल्यूशनचाही माझा वेगळा राग आहे, आणि तो सोल्यूशनवर नसून घाईवर आहे. रबरी सोल्यूशन लाकडाला आणि आवरणाला, दोन्हींना लावायचं असतं. मग ते बोटाला न चिकटण्याइतकं सुकू द्यायचं आणि मगच एकमेकांवर टेकवायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. पावसाळ्यात यातलं सुकणंच फसवं होतं. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि सोल्यूशनवर अंधूक पांढुरकी साय येते. वरून सुकल्यासारखं दिसतं, पण पकड धरत नाही. असं लावलेलं आवरण दिवाळीपर्यंत फुगतं. जुलैत काम घेणारा कारागीर हे सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, फॅन लावतो.

अ‍ॅम्पची यंत्रणा आत तशीच ठेवून वरून ठोकाठोक करणारेही आहेत. हे निष्काळजीपणाच्या पलीकडचं आहे. प्लग काढल्यावरही या अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या पुढचा भार राहू शकतो. आधी जाणकाराकडून तो उतरवून घ्यायचा, मग चेसिस, स्पीकर आणि तळाशी पिशवीत ठेवलेला रिव्हर्बचा डबा बाहेर काढायचा. रिकामी पेटी हाताळायलाही सोपी जाते.

राहिलं डॅशबोर्डचं पॉलिश. गाडीसाठीचं हे चकाकीचं पॉलिश जुन्या अ‍ॅम्पवर कृपा करून चोपडू नका. त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं, ते कडेच्या फटीतून आत झिरपतं, आणि पुढे ती कड सुटली की तिथे कुठलंच सोल्यूशन नीट धरत नाही. माझ्या पेटीच्या डाव्या बाजूला ते लावलेलं होतं. विकणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "चमकायला नको का?" नको. पिळलेलं ओलं फडकं, थोडा साबण, मऊ टूथब्रश आणि लगेच कोरडं पुसणं, एवढ्यावर १९६६ चं टोलेक्स स्वच्छ होतं. ती डावी बाजू तळाशी सुटलेलीच आहे. सिलिकॉन काढायला अजून वेळ लागेल, आणि पाऊस थांबेपर्यंत तिला सोल्यूशन लावायचं नाही.