लाडकीचा ओटीपी

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना स्त्रीच्या आर्थिक स्वावलंबनासाठी आहे. म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा एक ओटीपी बहिणीच्या मोबाइलवर आणि दुसरा तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर धाडायचं ठरलं. स्वावलंबनाला पुरुषाचा आधार हवाच, तोही मोबाइलला लिंक केलेला. मेलेल्या नवऱ्यांना पुढे यातून सूट मिळाली, दाखल्यावर भागलं. जिवंतांची मात्र गय नाही.

खाप्याजवळ गुमगावची मँगनीजची खाण आहे, भूमिगत. नवरा पहिल्या पाळीला खाली, बायको सेतू केंद्राच्या रांगेत आणि ओटीपी मधल्या खडकात कुठंतरी. शासनानं आता खाणीत टॉवर उभारावा, नाहीतर अंगणवाडी ताईंनाच हेल्मेट घालून खाली सोडावं. जमल्यास सासूचा अंगठाही घ्यावा. कुटुंबसंस्था मजबूत होते.

परवा एकीचा नवरा पाळी संपवून वर आला. ओटीपी पुन्हा मागवला, फोन एकदाचा वाजला.

"सांगा न लवकर, वेळ जाते!"

"सांगतो. पहिले तू सांग, दीड हजारात माहे किती?"