ऑपपद टिकवण्याचे शास्त्र

रिकाम्या चॅनलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, जो सगळ्यात आधी शिरतो तो राजा, म्हणजे ऑप (ऑपरेटर), हा इंटरनेटवर गप्पा मारायच्या आयआरसीचा जुना कायदा. निवडणूक नाही, परीक्षा नाही, वशिला नाही. फिनलंडच्या औलू विद्यापीठात १९८८ साली यार्को ओइकारिनेन यांनी गप्पांची ही सोय केली आणि घरात ज्यांना कोणी विचारत नव्हते अशा कितीतरी जणांना नावाआधी ऑपचे @ लावून मिरवता आले. हे चिन्ह हाती आले की ते टिकवावे कसे, याचे मार्गदर्शन पुढे करीत आहोत.

आधी दरारा बसवावा. चॅनलमध्ये आल्याआल्या कोणाला तरी किक मारावी, म्हणजे बाहेर काढावे. कारण विचारल्यास 'नियम' म्हणावे. नियम नंतर टॉपिकमध्ये, म्हणजे चॅनलच्या माथ्यावरच्या ओळीत, लिहिता येतात. टॉपिकला दुसऱ्या कोणी हात लावू नये म्हणून प्लस टी मोड आहेच. प्लस एम लावला की ऑप आणि ज्यांना आपण 'व्हॉइस' दिला आहे तेवढेच बोलू शकतात, बाकीचे वाचत बसतात. या अवस्थेला बहुतेक ऑप शांतता म्हणतात.

किकवर भागले नाही तर बॅन, म्हणजे त्या पत्त्याला प्रवेशबंदी. इथे मात्र तारांकनाचा (* म्हणजे 'कोणीही') मोह आवरावा. डायल-अपच्या काळात दर वेळी फोन जोडला की पत्ता नवा मिळायचा. त्यामुळे एका पुणेकराला हाकलायचे (वाद घालणारा पुणेकरच असणार, हे गृहीत धरले आहे) तर इंटरनेट पुरवणाऱ्या व्हीएसएनएलच्या पत्त्यांवर सरसकट बंदी घालावीशी वाटे. देशभरचे गिऱ्हाईक बाहेर, आणि पुणेकर कॉलेजच्या लॅबमधून परत हजर! आणि *!*@* असा बॅन घातला, तर अख्खी पृथ्वीच दाराबाहेर राहते.

आता नेटस्प्लिट. दोन सर्व्हरांमधला दुवा तुटतो आणि चॅनलची दोन शकले होतात. ज्या बाजूला कोणीच उरले नाही तिथे एखादा टपलेला इसम शिरतो आणि मूळ कायद्याप्रमाणे ऑप होतो. दुवा जुळला की तो @ लावून आपल्यात अवतरतो आणि पहिल्या काही सेकंदांत सगळ्यांना डीऑप करतो. पुढे सर्व्हर चॅनलच्या जन्मवेळा ताडून पाहू लागले; ज्या बाजूचे चॅनल जुने, तिचेच ऑप खरे. तेव्हा कुठे हा धंदा बसला.

पण शत्रूची फार काळजी करू नये. ऑपपद जाते ते मित्रांमुळे. @ मध्ये थोरला-धाकटा असा भेद नसतो. आज ज्याला आपण प्लस ओ (म्हणजे ऑपपद) दिले, तो उद्या आपल्याला मायनस ओ देऊ शकतो, आणि रात्री दोननंतर देतोच. यावर उपाय बॉटचा. रोबी पॉइंटर यांनी १९९३ मध्ये लिहिलेला एगड्रॉप रात्रंदिवस जागतो, रुसत नाही, लग्नकार्याला जात नाही. शिवाय डालनेटसारख्या नेटवर्कांवर चॅनसर्व्ह या सेवेकडे चॅनल रजिस्टर करता येते. मालक कोण हे तो विसरत नाही. आपला पासवर्ड मात्र टोपणनावांची नोंद ठेवणाऱ्या निकसर्व्हला सांगताना सुरुवातीचा तिरका दांडा (/) टंकायला विसरू नये. विसरलात, तर तो पासवर्ड थेट चॅनलमध्ये उमटतो. मग पहिला वाचक तोच मित्र.

इतके सगळे केल्यावर आपण सुरक्षित झालो असे वाटेल. पण २०२१च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून भांडण झाले, तिथले स्वयंसेवक राजीनामे देऊन बाहेर पडले आणि त्यांनी लिबरा चॅट हे वेगळे नेटवर्क सुरू केले. पुष्कळ चॅनलांनी 'आम्ही तिकडे चाललो' अशी पाटी टॉपिकमध्ये लावली. काही दिवसांतच, टॉपिकमध्ये लिबराचे नाव दिसले एवढ्यावरून फ्रीनोडने शेकडो चॅनले ताब्यात घेतली. रीतसर रजिस्टर केलेली, बॉट बसवलेली, पासवर्ड कोणाला न सांगितलेलीसुद्धा. तक्रार करायची सोय होती, पण ती ज्यांनी चॅनले घेतली त्यांच्याकडेच.