आयुक्तसाहेब

चाळिशी ओलांडलेल्या दहाबारा पुरुषांना एका वेळी, एका ठिकाणी गोळा करणं हे लग्न आणि अंत्ययात्रा सोडली तर कुणाला जमत नाही. हे ज्याला दर शनिवारी रात्री जमतं, त्याला आमच्याकडे आयुक्त म्हणतात. पद महानगरपालिकेचं नव्हे, बॉक्स क्रिकेट लीगचं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत जा आणि वॉचमनला विचारा, ‘इथलं क्रिकेट कोण बघतं?’ तो तुम्हाला बरोबर एकाच दारापाशी नेऊन सोडील. ‘कोण खेळतं’ असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर आयुक्तांच्या बाबतीत जरा अवघड आहे.

आयुक्त दिसायला तुमच्याआमच्यासारखेच. गुडघ्याला नी-कॅप, गळ्यात शिट्टी, पाठीवर एक सॅक. त्या सॅकेत काय नसतं! हिरवे टेनिस बॉल, त्यांना गुंडाळायला इलेक्ट्रिशियनची लाल टेप, स्प्रिंगचे स्टंप, मोजपट्टी, बॉल पुसायला जुन्या बनियनचा तुकडा, ग्लुकोजची पुडी, वेदनाशामक स्प्रे आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लीगची नियमावली. टर्फवर पोचल्याबरोबर बाकीचे लोक सेल्फी काढतात. आयुक्त मोजपट्टी काढतात. टर्फवाल्याने आखलेली क्रीज दर शनिवारी तिथेच असते, तरी ते ती मोजतात. एका टोकाला मोजपट्टीवर पाय देऊन कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि ते काम नेहमी सगळ्यात आधी आलेल्याच्या वाट्याला येतं. आमच्यात वेळेवर कुणी येत नाही, त्याचं हे एक सबळ कारण.

आयुक्तांची स्वतःची फलंदाजी हा स्वतंत्र विषय आहे आणि तो लवकर संपतो.

नियमावलीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. लहानपणी आपण सगळे ज्या कायद्यांखाली वाढलो, ते कधी कुणी लिहून ठेवले नव्हते. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, पहिला बॉल ट्राय बॉल, भिंतीवर लागून एका हातात आला तर आऊट, समोरच्या काकूंच्या गॅलरीत गेला तर आऊट आणि बॉल आणायला पण तूच जायचं. शेजारची चिमुरडी कच्चं लिंबू. धावायला जागा नसली की वन डी, टू डी, म्हणजे अमुक भिंतीला लागला की एक डिक्लेअर, तमुक गेटला लागला की दोन. आयुक्तांनी ही सगळी मौखिक परंपरा टाइप केली, कलमं पाडली, पोटकलमं पाडली आणि पीडीएफ करून ग्रुपवर टाकली. आता बाजूच्या जाळीला लागला तर एक, मागच्या जाळीला टप्पा पडून लागला तर दोन, थेट लागला तर चार, आणि जाळीच्या वरून बाहेर गेला तर षटकार नव्हे, आऊट. कारण बाहेर बॉल शोधायला जाणाऱ्याचे गुडघे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. हे कारण कलमात लिहिलेलं नाही, पण विधिमंडळाचा हेतू तोच होता.

गोलंदाजी अंडरआर्मच. यावर दर मोसमात एखादा नवा भिडू हसतो आणि ट्रेव्हर चॅपलचं नाव काढतो. मग आयुक्त त्याला बाजूला घेतात आणि समजावून सांगतात की 1 फेब्रुवारी 1981 रोजी मेलबर्नला चॅपलने शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला तेव्हा तो बेकायदा नव्हता, कायदा त्यानंतर बदलला. आणि आपल्याकडे घरंगळत टाकलेला चेंडू कलम चारप्रमाणे नो-बॉल आहे. भिडू पुन्हा हसत नाही. बहुतेकदा तो पुन्हा येतही नाही.

लीग म्हटली की लिलाव आला. 2008 साली आयपीएलच्या पहिल्या लिलावात चेन्नईने धोनीला 15 लाख डॉलरना घेतलं, तेव्हापासून आयुक्तांच्या डोक्यात हातोडा वाजतोय. आमच्याकडे पैसे नाहीत, गुण असतात. प्रत्येक कप्तानाला शंभर गुण आणि क्लबहाऊसमध्ये चहा. आयुक्त प्रत्येक खेळाडूची ओळख करून देतात : ‘डावखुरा, मधल्या फळीतला, पाठीच्या मणक्यात गॅप, रात्री अकरानंतर उपलब्ध नाही.’ बायकामुलं बघायला येतात. स्वतःच्या नवऱ्याला कुणीच बोली लावत नाही हे चारचौघांत पाहण्याचा योग लग्नानंतर इतक्या वर्षांनी क्वचितच येतो. एका वहिनींनी शेवटी स्वतःच हात वर करून नवरा दोन गुणांना सोडवला होता. कलमाप्रमाणे ती बोली अवैध ठरली.

पाऊस हा आयुक्तांचा वैयक्तिक शत्रू नाही. तो आमचा बहाणा आहे. जुलैच्या शनिवारी संध्याकाळी चार थेंब पडले की ग्रुपवर ‘आज कसं?’ असा निष्पाप प्रश्न येतो. त्यावर आयुक्तांचा ठरलेला निरोप असतो : कांगा लीग 1948 पासून भर पावसाळ्यात चालते, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची, न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्यांवर. मुंबईची फलंदाजी त्या चिखलात घडली. मग त्याखाली : ‘आपल्या टर्फवर चिखल होत नाही. साडेदहाला या.’ साडेदहाला आयुक्त येतात. पावणेअकराला ‘निघालो’ म्हणणारा एक जण पाठीमागे शॉवरचा आवाज चालू असताना बोलतो. अकराला सामना सुरू होतो आणि बाराला टर्फवाल्याचा पोऱ्या दिवे घालवायला येऊन उभा राहतो.

इथे डकवर्थ-लुईस येतं. आयुक्त ‘डकवर्थ-लुईस-स्टर्न’ असं पूर्ण म्हणतात, कारण स्टीव्हन स्टर्न यांचं नाव नंतर जोडलं गेलं हे त्यांना माहीत आहे आणि आपल्याला माहीत नाही हेही त्यांना माहीत आहे. ट्वेंटी-ट्वेंटीत निकाल लागायला दुसऱ्या डावाची किमान पाच षटकं व्हावी लागतात. आमचा सामनाच सहा षटकांचा. म्हणजे पाच षटकं झाल्यावर दिवे गेले तरच गणित सुरू होतं, आणि ते एका षटकासाठी असतं. अंधारात मोबाइलच्या उजेडात आयुक्त आकडेमोड करताहेत, दोन्ही संघ डास मारत उभे आहेत आणि पोऱ्या कुलूप हातात घेऊन ‘साहेब, उद्या करा ना’ म्हणतोय, हे दृश्य मनापासून पाहणारा मी एकटाच असेन. बाकीच्यांना घरी जायचं असतं.

मागच्या वर्षी आयुक्तांवर जरा कठीण प्रसंग आला. कुणाचा तरी मेहुणा न्यू जर्सीहून आला आणि बदाम-चॉकलेटांबरोबर पांढरे, पोकळ, भोकं पाडलेले प्लास्टिकचे बॉल आणि पिवळी काठी घेऊन आला. काठीच ती, बॅट म्हणवत नाही. याला विफल बॉल म्हणतात. तो तिकडे शुक्रवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर पार्कात हे खेळतो, हातात बिअर घेऊन. 1953 साली कनेक्टिकट राज्यातल्या फेअरफील्ड गावी डेव्हिड मुलानी नावाच्या गृहस्थांनी हे आपल्या मुलासाठी केलं. अंगण लहान, शेजाऱ्यांच्या काचा जवळ, आणि बॉल वळवून वळवून पोराचा खांदा दुखायला लागलेला. बापाने प्लास्टिकच्या गोळ्याला एकाच बाजूला आठ लांबट भोकं पाडली. आता बॉल आपला आपणच वळतो. खांद्याला त्रास नाही, काचेला धोका नाही. आयुक्त हे सगळं ऐकत होते तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. पण मेहुणा पुढे म्हणाला, ‘आणि यात धावत नाहीत. अमुक रेषेपलीकडे गेला की एक, त्यापुढे दोन, त्यापुढे तीन, आणि एकदम लांब गेला की होमरन.’

आयुक्त ताडकन उठले. ‘म्हणजे वन डी, टू डी! हे आमचं आहे!’

अमेरिकेकडून रॉयल्टी मागायची भाषाही थोडा वेळ झाली. मग बॉल टाकून पाहायचं ठरलं. पहिला बॉल आयुक्तांनी स्वतः टाकला, अर्थात अंडरआर्म. तो निघाला स्टंपाकडे, मध्येच त्याला काही आठवलं आणि तो लेगच्या बाजूला चहाच्या टपरीकडे वळला. दुसरा ऑफला. तिसऱ्याला आमचा सर्वोत्तम फलंदाज दोनदा फिरला आणि खाली बसला. आयुक्तांच्या आयुष्यात त्यांनी टाकलेला बॉल कधी वळला नव्हता. त्या रात्री ते कुणालाही बॉल देईनात. शेवटी मेहुण्यानेच विचारलं, ‘काका, मला एक ओव्हर?’ तर म्हणाले, ‘तुझं काय, तू तिकडे रोजच खेळतोस.’ दुसऱ्या दिवशी नियमावलीत नवं परिशिष्ट आलं : ‘भोकांचा चेंडू केवळ सरावासाठी, अधिकृत सामन्यात वापरल्यास गुणवजावट.’ परिशिष्टाच्या खाली तीन बॉल कुणाच्या ताब्यात राहतील तेही लिहिलं होतं.

मार्च 2024 मध्ये ठाण्याच्याच दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, दहादहा षटकांची, टीव्हीवर, सिनेमातल्या नटांच्या मालकीच्या संघांसह. आयुक्तांनी ती पाहिली आणि एवढंच म्हणाले, ‘उशिरा सुचलं त्यांना.’ रायगडात आणि बाकीच्या कोकणात गावोगावी टेनिसच्या स्पर्धा होतात, बक्षीस मोटारसायकल, कधी बोकड. आमच्याकडे ढाल. बोकडाचा प्रस्ताव आला होता. बोकड कुणाच्या फ्लॅटमध्ये राहील यावर तो पडला.

या मोसमाचा अंतिम सामना. शेवटची ओव्हर, चार धावा हव्यात, आणि बॅटिंगला शेवटचा माणूस म्हणून एकटे सोसायटीचे अध्यक्ष. अध्यक्षांनी बॅट फिरवली. बॉल वर गेला, दिव्याच्या खांबाला लागला, तिथून जाळीला लागला, जाळीवरून घसरत खाली आला आणि बाराव्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाने डाव्या हाताने झेलला. उजव्या हातात त्याच्या वेफर्सचं पाकीट होतं. आयुक्तांनी बोट वर केलं.

‘आऊट? खांबाला लागलाय तो!’

‘कलम अकरा ब. खांब, दोरी, दिवा हे जाळीचेच भाग समजावेत. एक टप्पा, एक हात, आऊट.’

अध्यक्ष बॅट टेकवून उभे राहिले. आमसभेत उभे राहतात तसेच. ‘ही नियमावली सर्वसाधारण सभेत मंजूर झाली आहे का?’

‘लिलावाच्या दिवशी वाचून दाखवली होती.’

‘कोरम होता का?’

‘तुम्ही स्वतः होतात.’

‘मी चहाला आलो होतो. इतिवृत्तात माझी सही दाखवा.’

आयुक्तांनी सॅक उघडली. फोल्डर काढला. उपस्थितीपत्रकावर अध्यक्षांची सही होती, हिरव्या शाईत, चहाच्या डागासकट. अध्यक्षांनी ती चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली आणि मग बॅट ठेवून बाहेर पडले. गंमत अशी की अध्यक्ष ज्या संघाकडून खेळत होते तो आयुक्तांचाच संघ. म्हणजे आयुक्तांनी स्वतःच्या हाताने स्वतःची ढाल घालवली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, सही सापडल्याच्या क्षणी, जो आनंद होता तो ढाल मिळाल्यावर एखाद्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

सामन्यानंतर सगळे नेहमीप्रमाणे सर्व्हिस रोडवरच्या भुर्जीच्या गाडीवर. हरलेला संघ एका बाकड्यावर, जिंकलेला दुसऱ्यावर. आयुक्त मधल्या स्टुलावर, पाव मोडत. अध्यक्षांनी विषय काढला. खेळ हा मजेसाठी असतो, मोजपट्ट्या आणि पोटकलमं हवीत कशाला, पुढच्या मोसमापासून लीग जरा मोकळी करू, जबाबदारी वाटून घेऊ, नव्या माणसाला संधी देऊ. हरलेल्यांनी माना डोलावल्या. जिंकलेल्यांनीही डोलावल्या, कारण पुढच्या मोसमात कलम अकरा ब त्यांच्यावर उलटणार होतं. आयुक्त काही बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, ‘माझी हरकत नाही. फक्त टर्फचा ॲडव्हान्स कोण भरणार आणि वर्गणी कोण गोळा करणार, तेवढं आत्ता ठरवून टाका.’

सगळ्यांना एकदम भुर्जीत मिरची जास्त लागली. एकाने पाणी मागवलं, एकाला घरून फोन आला, एक जण खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या पायात सँडल होते.

आयुक्तांनी हात पुसले, सॅकमधून डायरी काढली, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाले, ‘मग ते ठरेपर्यंत मागच्या मोसमाची बाकी वाचतो. अध्यक्ष, सुरुवात तुमच्यापासून.’